विषय : माश्यांबाबत

मोती तबेल्यात, कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला पाठ लावून
तेवीस वर्षं मी दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप करतोय.
यंत्राची ‘म’ची कळ अडकते, नखानं उचलावी लागते.
मंगळवारी जनसुनवाई; मंगळवारी जेवायला चार वाजतात.

गेंदाकुंवरबाई आली ती लोणच्याची बरणी घेऊन.
वाटलं, फीऐवजी कैरी दिसतेय.
बरणीत माश्या.
गळ्यापर्यंत. वरच्या थरातल्या काही अजून पाय झाडत.
“एका दिवसाच्या आहेत,” ती म्हणाली, “फक्त चुलीपाशी मारलेल्या.
मोजत कोण बसतं? किराण्याच्या काट्यावर तोलल्या.
एकशेदहा ग्राम. लिखो बाबूजी.”

ती बोलते माळवीत, मी ऐकतो मराठीत,
कागदावर उतरवतो सरकारी हिंदीत.
साहेबापर्यंत पोचेतो दुःख तीनदा कपडे बदलतं
आणि शेवटी ‘महोदय’ म्हणत हात जोडून उभं राहतं.

तर : जामुनखेडी, सांवेरच्या पलीकडे.
कांकडावर चार शेड, सत्तर हजार कोंबड्या.
पहाटे तीनलाच दिवे लागतात, त्यांना उजाडलंसं वाटावं म्हणून.
गावातले कोंबडे आधी फसले,
नंतर त्यांनी आरवणंच सोडलं.
मेलेल्या कोंबड्या खाळात. खाळातून विहिरीत काय उतरतं
ते विहीर सांगत नाही, लेकरांची पोटं सांगतात.
दोन सोयरिकी मोडल्या :
मुलीकडचे वाढलेल्या ताटावरून उठले.

ठराव? आहे ना ठराव. ग्रामसभेचा, रीतसर.
सरपंच सज्जनबाई, सही तिच्या नवऱ्याची,
आणि ज्या दुपारी सारा गाव नानूरामच्या तेराव्याला जेवत होता
त्याच दुपारच्या तारखेला, पान सतरावर,
नानूरामचा अंगठा.
“मेला तेव्हा दोन्ही हात लुळे होते त्याचे,” गेंदाकुंवर म्हणाली,
“मेल्यावर सुधारले.”

मी खाली टाइप केलं : संलग्न – बरणी, एक नग.

साहेब बरे होते. थकलेले.
म्हणाले, पोल्ट्री म्हणजे शेती, कारखाना नव्हे,
आमचा हात तिथं पोचत नाही.
“शेत मला ठाऊक आहे साहेब,
शेताला कुलूप नसतं.”
साहेबांनी पाणी मागवलं.
बरणीचं झाकण घट्ट होतं,
तरी पेला तळहातानं झाकून धरला.

आवक-बाबू अडला : हे फायलीत लावू कसं?
संलग्न लिहिलंय म्हणजे नोंद हवी.
शेवटी झाकणावरच शिक्का मारला. निळा, गोल, तारखेसकट.

चौकशी झाली. आदल्या रात्री चुना पडला, औषध फवारलं.
अहवाल : माश्या आढळल्या नाहीत.

मग दर मंगळवारी बरणी.
कधी गेंदाकुंवर, कधी रेशमबाई,
एकदा खुद्द सज्जनबाईची सून, पदर नाकापर्यंत ओढून.
आवकच्या कपाटावर आजघडीला अकरा बरण्या आहेत.
बाबू त्यांच्याकडे पाठ करून डबा खातो.

मी अंडं सोडलं म्हणालो तर खोटं होईल.
गेटसमोरच्या गाडीवर संध्याकाळी भुर्जी खातो.
फक्त आता आधी ट्रेवरचं नाव वाचतो
आणि कधीकधी वाचूनही खातो.

काल ती फॉर्म घेऊन आली. सरपंचपदाचा.
व्यवसायाच्या रकान्याशी मी थांबलो. गृहिणी लिहू?
“माश्या मारणं लिहा,” म्हणाली. हसली नाही.

आमच्यात रिकामटेकड्याला म्हणतात, माश्या मारतोय.
वडील मलाच म्हणायचे, रामबागेतल्या ओट्यावर बसून.
मी ‘म’ दाबला. अडकला.
नखानं उचलला. पुन्हा दाबला.